पाठीवरचे वळ

छडीने फोडून काढल्यासारखे लाल वळ पाठभर, आणि खाज अशी की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इथल्या, जपानमधल्या ओइतातल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पाठ पाहिली आणि लगेच विचारलं, "दोन-तीन दिवसांत शिइताके खाल्लं? नीट शिजलेलं होतं?"

नव्हतं. शिइताके म्हणजे इथली अळंबी. रविवारी निखाऱ्यावर भाजले होते, जाडजूड टोप्यांचे. बाहेरून खरपूस, आत कच्चे. घाई माझीच. आपल्याकडे पावसाळ्यात रानातली अळंबी आई कांदा-खोबऱ्याच्या वाटपात रटरट शिजवते. अर्धीकच्ची कधी ताटात आली नाही. ते वळण मी इथे येऊन विसरले.

या पुरळाला इथे नावच आहे, शिइताके हिफुएन. पहिली नोंद १९७७ची, जपानमधलीच. संशय लेंटिननवर आहे. ही अळंबीच्या पेशीभिंतीतली बीटा-ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. बाईंनी कागदावर साखळी काढली, शेजारी रक्तातली एक पांढरी पेशी. आपलं शरीर अशी साखळी बनवत नाही. त्यामुळे पेशीवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा रेणू, तिला धरतो, बुरशी शिरली असं समजतो आणि बाकीच्या पेशींना जागं करतो. बाहेर रांग लागलेली असताना त्यांनी माझ्यासाठी हे सगळं शांतपणे काढून दाखवलं. मला भरून आलं.

जपानी संशोधक गोरो चिहारा यांच्या गटाने १९६९मध्ये हेच लेंटिनन उंदरांच्या गाठींवर वापरून दाखवलं. १९८५मध्ये जपानने जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला त्याला मंजुरी दिली. पण ते इंजेक्शन होतं, थेट शिरेतून. खायची पावडर नव्हे! इतका मोठा रेणू पोटातून तसाच रक्तात जात नाही.

म्हणून शिइताकेच्या पावडरीबद्दल मावशीचे 'इम्युनिटी वाढवते, येताना आण' हे निरोप वाचले की माझं डोकं तापतं. प्रतिकारशक्ती म्हणजे काय डब्यातलं पीठ आहे, कमी झालं की ओतायला? माझी जागीच होती की, पाठ बघा! फ्लोरिडात ५२ निरोगी माणसांनी ४ आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम सुकं शिइताके खाल्लं. काही टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढल्या; लाळेतलं आयजीए हे प्रतिपिंड वाढलं. चांगलंच आहे. पण तेवढ्यावर महागडे डबे विकत घ्यायचे, हे मला पटत नाही. मावशीला वाईट वाटलं, तरी मी नाहीच म्हणाले.

ओइताचं सुकं शिइताके मात्र आणणार आहे, भरपूर. मावशी, रात्रभर भिजव आणि वाटपात चांगलं शिजव.