प्रोपेलरच्या टोकावरची चकती

जुन्या विमानांची त्रिमितीय प्रारूपे संगणकावर तयार करणे हे माझे काम आहे. त्या दिवशी फ्रेंच शर्यतीचे विमान कोद्रों सी. ४६० तपासणीसाठी दिल्यावर तासाभरातच आमच्या ज्येष्ठ सहकारी माझ्याजवळ आल्या. "पात्यांचा कोन बदलायची ही दांडी कुठून आली? आणि प्रोपेलरच्या टोकावरची चकती का काढलीत?" चकती मला छायाचित्रातला डाग वाटली होती, दांडी मात्र मी इतर विमानांच्या सवयीने मनानेच बसवली होती.

त्यांनी मला या विमानाच्या रातिए कंपनीच्या प्रोपेलरची रचना उलगडून दाखवली. उड्डाणापूर्वी मेकॅनिक साध्या सायकलच्या पंपाने प्रोपेलरच्या तुंब्यात हवा भरत असे, म्हणजे पाती कमी कोनात राहत आणि विमान चटकन उचलले जाई. वेग वाढला की समोरच्या हवेचा दाब त्या चकतीवर पडे, झडप उघडून भरलेली हवा निघून जाई आणि पाती जास्त कोनात जाऊन बसत. वैमानिकाला काहीच करावे लागत नसे, म्हणून दांडीही नव्हती.

त्यानंतर सगळे विमान मला वेगळे दिसू लागले. ज्या दॉयच करंडकाच्या विमानशर्यतीसाठी ते घडले, तिथे इंजिनाला ८ लिटरची मर्यादा होती, त्यामुळे विमानाचे रचनाकार मार्सेल रिफार यांना ताकदीपेक्षा हवेचा अवरोध कमी करण्यावरच भर देणे भाग होते. रेनोचे सहा सिलिंडरचे उलटे इंजिन, त्यामुळे चिंचोळे राहिलेले नाक, जेमतेम ७ चौरस मीटरचे लाकडी पंख, आत ओढली जाणारी चाके आणि पार मागे, शेपटीच्या दिशेने सरकवलेली वैमानिकाची बैठक. २५ डिसेंबर १९३४ रोजी इस्त्र येथे रेमाँ देल्मोत यांनी याच विमानाने ताशी ५०५ किलोमीटर वेग गाठला, तेव्हा इंजिन मात्र करंडकाच्या मर्यादेपेक्षा थोडे मोठे बसवलेले होते. १९३६ मध्ये मिशेल देत्रोया यांनी लॉस एंजेलिसला थॉम्पसन करंडकही जिंकला. इतक्या लहान यंत्रातून एवढा वेग काढणाऱ्या रिफार यांच्याबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

मी दांडी काढली, चकती पुन्हा बसवली आणि विचारले, "हवेत असताना पाती पुन्हा कमी कोनात कशी आणायची?"

"आणता येत नाहीत. पंप जमिनीवरच असतो."

संध्याकाळी संगणकावर प्रारूपाची चाचणी घेणाऱ्या मुलाने उतरता उतरता विमान पुन्हा वर न्यायचा प्रयत्न केला. इंजिन पूर्ण जोरात होते, पण पाती जास्त कोनातच अडकलेली; धावपट्टी संपली तरी विमान चढेना.