तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावरच्या मशिदीबद्दल

नागपूरला समुद्र नाही, मग वास्तुकलेच्या वर्गात मोरोक्कोतल्या मशिदीवर एवढा वेळ कशाला, असं विद्यार्थीही विचारतात आणि त्यांचे पालकही. मशीद म्हणजे कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद, १९९३ साली पुरी झालेली. तिचा मिनार २१० मीटर उंच आहे, पण मी त्यासाठी थांबत नाही. उंचीत आज अल्जीयर्सच्या मशिदीने तिला मागे टाकलंच आहे.

मी थांबतो तो तिथल्या हातकामापाशी. फ्रेंच वास्तुकार मिशेल पिन्सो यांनी काँक्रीटचा सांगाडा उभा केला आणि प्रार्थनागृहाला सरकतं छत दिलं. ते उघडलं की आत बसलेल्या हजारोंच्या डोक्यावर थेट आकाश. भिंतींवर मात्र मोरोक्कोच्या जुन्या कारागिरांचं राज्य आहे. झेलीज म्हणजे चकाकत्या फरशीचे छिन्नी-हातोडीने घडवलेले तुकडे. परंपरेने ते पालथे मांडतात, म्हणजे नक्षी पूर्ण होईपर्यंत कारागिराला रंग दिसतच नाहीत, सगळी रचना डोक्यात धरावी लागते. शिवाय कोरीव गिलावा, मधल्या ॲटलास डोंगरांतलं देवदाराचं लाकूड. हजारो कारागीर या कामावर होते. एवढं मोठं काम मिळालं की विद्या पुढच्या पिढीकडे जाते, आणि माझ्या मते या इमारतीचं खरं मोठेपण तेच आहे.

आपल्याकडेही दीक्षाभूमी आहेच. तिचे वास्तुकार शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपाचा आकार घेतला, पण भरीव स्तूप पोकळ केला, म्हणून आज आपण त्याच्या आत उभे राहू शकतो. जुनं रूप जपून नवं तंत्र माणसांसाठी वापरायचं, हे दोन्हीकडे दिसतं.

आता समुद्र. मशिदीचा काही भाग थेट अटलांटिकच्या पाण्यावर आहे. खारं पाणी काँक्रीटमध्ये झिरपतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर फोडतो. इथे तेच झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोठी दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे खारा वारा नाही, पण मे महिन्यात ४५ अंशांत ताज्या स्लॅबला नीट पाणी मारलं नाही तर तोही तडकतो. म्हणून तोंडी परीक्षेत मी मिनाराची उंची विचारत नाही. सळईवर कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, किती ठेवाल आणि का, एवढंच विचारतो.