पोस्टडॉक, परदेश आणि साष्टीचे कागद

ह्युमॅनिटीजमध्ये पीएचडी केलेल्यांना एक गोष्ट वेळेत कोणी सांगत नाही, गाईड नाही आणि डिपार्टमेंट तर नाहीच नाही, की डिग्री हातात पडली की रिक्षासारखं मीटर पडतं. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधनासाठी मिळणारी, फेलोशिप हवी असेल तर पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज, अमेरिकेला जायच्या फुलब्राइट-नेहरूलाही ४च, जपानच्या जेएसपीएस या संस्थेच्या फेलोशिपला ६, युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला ८. आणि आपल्याकडे काय होतं, तर ठाण्या-वाशीत कुठेतरी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन, तास घ्यायचे, परमनंट पोस्ट निघेल निघेल म्हणून थांबायचं, मध्ये पेपर तपासणी, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, आणि बघता बघता हुम्बोल्टची मुदत संपलेली असते आणि आपल्याला ती होती हेच माहीत नसतं. मारी क्युरीत निदान मॅटर्निटी लीव्ह आणि रिसर्चबाहेर गेलेली वर्षं वजा करतात, तेवढी माणुसकी आहे.

दुसरं म्हणजे "इंटरनॅशनल" शब्द बघून लोक घाबरतात, किंवा प्रपोजलमध्ये उगाच ग्लोबल हे आणि ट्रान्सनॅशनल ते असं भरतात. आमच्या ओळखीतली एक मुलगी, नौपाड्यात राहते, साष्टीच्या, म्हणजे ठाणे आणि मुंबईची उपनगरं ज्यावर आहेत त्या बेटाच्या, इतिहासावर पीएचडी केलेली, मला म्हणाली ताई माझा विषय फारच लोकल आहे हो. लोकल? अगं, ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. म्हणजे तुझे निम्मे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, काही पणजीला, काही लिस्बनला तोर्रे दो तोंबो या पोर्तुगालच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आणि बाकी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत! अजून किती इंटरनॅशनल पाहिजे? फक्त पोर्तुगीज वाचता यायला पाहिजे, ती शिकायला लाग, आणि मोडी येत असेल तर ते प्रपोजलच्या पहिल्या पानावर लिही, शेवटी सीव्हीत लपवू नकोस. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे लोक जगात असतील तरी किती.

खरी मेख होस्टची आहे. यातल्या बहुतेक ठिकाणी तिथला एखादा प्राध्यापक "ये बाबा" म्हणाल्याशिवाय अर्जच जात नाही. मोठ्या नावाच्या मागे धावण्यापेक्षा आपले सोर्सेस ज्याला कळतात तो शोधावा. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये गुंथर सोन्थायमर होते, १९९२ ला गेले, त्यांनी धनगरांच्या ओव्या आणि खंडोबावर आयुष्य घातलं, म्हणजे आपला विषय तिथे कोणाला परका नसतो. मेल लहान ठेवायचा, तुमचं काय वाचलंय, माझे कागद कुठले, आणि तुमच्याकडेच का, बास. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट" वगैरे वाचून कोणी होस्ट झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मारी क्युरीची अजून एक अट, डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत होस्टच्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. जन्मभर ठाणे-सीएसएमटी केलेल्यांना याचा फायदाच आहे, युरोपात जायचं असेल तर नॅशनॅलिटीचीही अट नाही. हुम्बोल्टला तर देशानुसार किंवा विषयानुसार कोटा नाही आणि वर्षभर कधीही अर्ज करता येतो, जर्मन मात्र कामाला लागणार असेल तरच मागतात.

मारी क्युरीची डेडलाइन साधारण सप्टेंबरात असते. म्हणून होस्टला मेल मार्च-एप्रिलमध्येच टाका, पेपर तपासणी चालू असली तरी. गणपती जवळ आले की आपण जागे होतो, आणि ऑगस्टमध्ये युरोपातले अर्धे प्राध्यापक सुट्टीवर असतात, मेलला उत्तर येतं ते ऑटो-रिप्लाय.