मॅनेजरचा नंबर

"अमक्या हिरोईनच्या मॅनेजरचा नंबर असंल ना तुमच्याकडं?" लातुरात मंडप-साउंडच्या धंद्यातून मी कार्यक्रम घेऊ लागलो, तेव्हापासून हे विचारणारे थांबले नाहीत. साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, कुणा भाऊंचा वाढदिवस. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

जत्रेतला तमाशा ठरवणं सोपं. फडमालकाशी बोललं, सुपारी दिली, तारीख पक्की. मुंबईच्या कलाकाराचं तसं नाही, हे मला पन्नास हजारांना कळलं. एका उद्घाटनासाठी मी एका गोडबोल्याला विसार दिला. नटीबरोबरचे त्याचे फोटो खरेच होते. पूर्वी एकदा त्यानं तिला कुठल्याशा कार्यक्रमाला आणलं होतं, एवढंच. तो को-ऑर्डिनेटर, म्हणजे मधला माणूस. तिच्या खऱ्या मॅनेजरकडं आमची तारीखच नव्हती. गावभर बॅनर लागलेले! शेवटी फीत दुकानदाराच्या आईनं कापली. (फोटो झकास आले, ते सोडा.)

जुन्या हिंदी सिनेमात हे सगळं एकटा सेक्रेटरी बघायचा. आता वाटण्या झाल्यात. एजंट काम आणतो आणि त्यावर टक्का घेतो. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, तारखा कशा बसवायच्या, हे मॅनेजर बघतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात काम मिळवून द्यायला एजंटला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडं बऱ्याचदा एकच कंपनी दोन्ही करते, म्हणून आपला घोळ होतो. पीआरवाला बातम्या आणि मुलाखती सांभाळतो, त्याला तारीख मागून उपयोग नाही.

कलाकाराचा वकील मात्र नीट समजून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फसव्या जाहिरातीसाठी कलाकारालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळं स्टेजमागच्या बॅनरवर कुणाकुणाची नावं आहेत ते हा वकील आधी मागतो. तिथं तुमच्या मेहुण्याचं वजन घटवायचं चूर्ण असलं, की बोलणी अडलीच समजा.

आता मी आधी दोनच गोष्टी विचारतो: पत्र कुणाच्या लेटरहेडवर येणार आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार. समोरचा "आधी विसार टाका, कागदाचं बघू" म्हणाला, की मी चहा पाजून वाटेला लावतो.

नंबर देतो. पण बॅनर अजून छापले नाहीत ना?