तुम्ही विचारलंत म्हणून: कोणत्या ब्रोकरचा एपीआय घेऊ?

"फक्त एक नाव सांगा." ब्रोकरचा एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला त्याच्याकडे थेट ऑर्डर पाठवता येते ती सोय. तो कुणाचा घ्यावा, हा प्रश्न गेली तीन वर्षं मला बहुतेक याच शब्दांत येतो. मी नाव सांगत नाही, आणि विचारणारा नाराज होतो. कुणाला वाटतं मी काहीतरी लपवते, कुणाला वाटतं भाव खाते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एकेकाळी मी नाव सांगत होते, हे आधी कबूल करते. पाच ब्रोकरचे एपीआय घेऊन ऑर्डर पाठवल्यापासून पोच येईपर्यंत किती मिलिसेकंद जातात, ते मी दोन आठवडे मोजलं होतं. पहिल्या आलेल्या ब्रोकरचं नाव जो विचारेल त्याला देत होते. आकडे खरेच होते. पण ते सगळे शांत दिवसांतले होते. आणि ज्या ऑर्डरची पोच आलीच नाही, तिच्यापुढे वेळ काय लिहायची हे न कळल्यानं त्या ओळी मी तक्त्यातून काढून टाकल्या होत्या. अकराशेपैकी चार ओळी. मला जे कळायला हवं होतं ते त्या चार ओळींतच होतं.

त्याच ब्रोकरवर माझा प्रोग्रॅम सात महिने नीट चालला. खात्यातले निम्मे पैसे धाकट्या भावाचे होते. मी मागितले नव्हते, त्यानं आपणहून दिले होते. कारण माझा तक्ता त्यानं पाहिला होता.

त्या दिवशी बाजार उघडून सहा मिनिटं झाली होती आणि भाव जोरात पळत होते. प्रोग्रॅमनं खरेदीची ऑर्डर पाठवली. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला. अशा वेळी डोळे झाकून पुन्हा पाठवायचं नाही, एवढी अक्कल मला होती. माझा कोड आधी ऑर्डर बुक, म्हणजे ब्रोकरकडची माझ्या ऑर्डरींची यादी, मागवायचा, ऑर्डर तिथे दिसली नाही तरच पुन्हा पाठवायचा. ऑर्डर बुक आलं, रिकामं. कोडनं पुन्हा पाठवलं. पुन्हा टाइमआउट, पुन्हा रिकामं ऑर्डर बुक. असं चारदा झालं. तेव्हा मी स्क्रीनसमोर बसून होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं तपासणी घातली.

चार मिनिटांनी ऑर्डर बुकमध्ये चारही ऑर्डर एकदम उगवल्या. चारही पूर्ण झालेल्या. पोझिशन, म्हणजे हातातला माल, चौपट, आणि भाव पडला तर आपोआप विकणारा स्टॉपलॉस एकाच हिश्शाचा. भाव तोवर उलटा फिरला होता.

मी सगळी पोझिशन विकायची ऑर्डर पाठवली. टाइमआउट. आणि आता माझा हात थांबला. ही ऑर्डर पोहोचली असेल आणि मी पुन्हा पाठवली, तर चौपट खरेदीच्या जागी चौपट विक्री अंगावर यायची. पोहोचली नसेल आणि मी थांबले, तर पडत्या भावात नुसती बघत बसायची. ऑर्डर बुक काही दाखवत नव्हतं, आणि दाखवलं असतं तरी मी आता त्यावर विश्वास ठेवणार नव्हते. मोबाइल ॲप लॉगिनवरच अडकलं होतं. फोनवर रांग होती. तेवीस मिनिटांनी माणूस बोलला. तो सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, आम्हालाही इथे तेच दिसतंय जे तुम्हाला दिसतंय." ते वाक्य मी विसरलेले नाही. विक्री शेवटी झाली, माझ्याच त्या पहिल्या ऑर्डरनं, अठ्ठाविसाव्या मिनिटाला. सात महिन्यांची कमाई गेली आणि मुद्दलाचा लचका तुटला.

तक्रारीला उत्तर आलं: आमच्याकडे आलेल्या सर्व ऑर्डर योग्य रीतीने पूर्ण झाल्या आहेत. ते खोटं नव्हतं. सोबत डॉक्युमेंटेशनच्या एका पानाकडे बोट दाखवलं होतं. ऑर्डरसोबत आपला स्वतःचा क्रमांक पाठवता येतो, तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी ऑर्डर नाकारली जाते. ते पान मी वाचलेलं होतं. रकाना ऐच्छिक होता म्हणून रिकामा सोडला होता.

इथे मला दरवेळी राग येतो. इतका महत्त्वाचा रकाना ऐच्छिक कसा? ऑर्डर बुक चार मिनिटं मागे आहे, तर तसं सांगणारी वेळ त्यावर का नाही? "ऑर्डर नाहीत" आणि "आम्हाला आत्ता माहीत नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. हा शोध नवा नाही. १९९२ मध्ये फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स या अमेरिकी वित्तीय कंपन्यांमधल्या व्यवहारांसाठी ऑर्डरचे संदेश पाठवायची जी पद्धत सुरू झाली आणि पुढे फिक्स प्रोटोकॉल म्हणून जगभर पसरली, त्यात प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो आणि पुन्हा पाठवलेल्या संदेशावर 'हा आधी आलेला असू शकतो' अशी खूण करता येते. जुनी माणसं हे शिकून बसली होती. पण ते मीही शिकायला हवं होतं, भावाचे पैसे लावण्याआधी.

मोठ्यांचंही होतं, असं म्हणून मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. त्यावरच्या जुन्या कोडला आपली ऑर्डर पूर्ण झाली हे कळतच नव्हतं, म्हणून तो पाठवत राहिला. २१२ ऑर्डरींतून सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे झाले, आणि कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेनं त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल माणसांना पाठवले होते. माझ्या चार ओळींसारखेच तेही कुणी मनावर घेतले नाहीत. त्यामुळे समाधान काही मिळालं नाही.

आता मी काय पाहते? वेग शेवटी. आधी सगळ्यात लहान ऑर्डर पाठवते आणि मधेच नेटवर्क तोडते. परत जोडल्यावर ती ऑर्डर कुठे आहे हे किती वेळात आणि किती खात्रीनं कळतं, ते लिहून ठेवते. तोच क्रमांक दोनदा पाठवून दुसरी ऑर्डर खरंच नाकारली जाते का, ते पाहते. अर्धवट पूर्ण झालेली ऑर्डर रद्द करून पाहते. मुद्दाम जास्त विनंत्या पाठवते. मर्यादा ओलांडल्यावर ४२९, म्हणजे 'विनंत्या जास्त झाल्या' सांगणारा कोड, आला तर ठीक, नुसती शांतता आली तर नको. डॉक्युमेंटेशनमध्ये चुकांचं पान किती लांब आहे, हेही बघते. ते आखूड असेल तर त्यांना आपल्या चुका माहीत नाहीत.

सॉफ्टवेअरबद्दल विचाराल तर माझा नियम आखडूच आहे. जे माझा पासवर्ड मागतं ते नको. ट्रेडिंगची की (प्रोग्रॅमला खातं उघडून देणारी गुप्त किल्ली) आणि पैसे काढायची की वेगळी करता येत नसेल तर नको. डिसेंबर २०२२ मध्ये थ्रीकॉमाज या क्रिप्टो ट्रेडिंग सेवेनं वापरणाऱ्यांच्या एपीआय की बाहेर गेल्याचं मान्य केलं. त्याआधी तक्रार करणाऱ्यांनाच 'तुम्ही फिशिंगला फसलात' असं ऐकावं लागलं होतं. बॅकटेस्टचे, म्हणजे जुन्या भावांवर प्रोग्रॅम चालवून काढलेले, सुंदर आलेख दाखवणाऱ्याला मी एवढंच विचारते: टाइमआउट झाल्यावर तुमचा प्रोग्रॅम काय करतो? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग या कसोट्यांवर उतरलेला ब्रोकर सांगा. दोन उतरले. पण २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तेव्हा एका नावाजलेल्या ब्रोकरच्या सॉफ्टवेअरला शून्याखालचा भाव हाताळता आला नाही. माझ्या कसोट्यांच्या यादीत तो प्रकार आला असता का? नसता आला.

मी आजही माझा तो पहिलाच, चार ऑर्डरवाला ब्रोकर वापरते. यावर लोक चकित होतात. तो कसा कोसळतो हे मला माहीत आहे, असं माझं उत्तर असतं. ते शहाणपण आहे की दुसरीकडे सगळं नव्यानं करायचा कंटाळा, हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय. भावाचे पैसे मी परत केले, तोटा वजा करून नाही, पूर्ण. त्यानं अजून एकदाही विषय काढलेला नाही. गेल्या महिन्यात पुन्हा नेटवर्क तोडून पाहिलं, तेव्हा ऑर्डर चाळीस सेकंदांत दिसली. बाजार मात्र त्या दिवशी शांत होता.