टेपच्या पोटातला ब्लूटूथ

लातुरातल्या कुठल्याही कार डेकोरच्या दुकानात तयार ब्लूटूथ स्टेरिओ मिळतो, बसवूनही देतात. तरी मी घरीच जुळवत बसलो. कारण विचाराल तर एवढंच, की लाल-निळे दिवे मिचकावणारं ते प्रकरण आमच्या मारुती आठशेला शोभत नाही. ही गाडी बनवायची 2014 सालीच बंद झाली. आमची अजून पहिल्या सेल्फला उठते. तिच्यातला टेप कॅसेट वाजवायचा कधीच थांबला होता. रेडिओ मात्र ठणठणीत, आणि त्यावर अण्णांचा हक्क. आकाशवाणी परभणी लागल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढणं त्यांना पसंत नसतं.

म्हणून टेपचं खोकं तेच ठेवलं. आतली कॅसेटची यंत्रणा काढली आणि त्या जागेत काड्यापेटीएवढा ब्लूटूथ बोर्ड बसवला. त्याला लागतात 5 व्होल्ट. बॅटरी 12 ची म्हणायची, पण इंजिन चालू असताना वायरीत 14 च्या आसपास असतात, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर. बोर्ड स्क्रूनंच कसला. ग्लूगनचा भरवसा आपल्याकडच्या मे महिन्यात धरू नये. बंद गाडीत डॅशबोर्ड असा तापतो की तो गोंद मऊ पडून सगळं खाली लोंबतं. माइक नसलेला बोर्ड मुद्दाम निवडला. आमच्याकडं फोनवर बोलायची पट्टीच अशी, की आणखी स्पीकरची गरज नाही.

गाडी उभी असताना गाणं सुरेख वाजलं. सेल्फ मारला आणि गाण्यामागं 'कुंईऽऽ' सुरू. ॲक्सिलरेटर दाबावा तसा सूर चढायचा, गिअर बदलला की उतरायचा. ही करामत इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. बोर्डाची आणि ॲम्प्लिफायरची अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, एकच असली की कन्व्हर्टरचा करंट त्याच वायरीतून परत जातो, त्यातला कणभर दाब आवाजात मिसळतो आणि ॲम्प्लिफायर इमानदारीनं तोही मोठा करतो. आमच्या वायरमनचं मत पडलं, "आवाज वाढवा, ऐकूच येत नाही बगा." व्यवहारी सल्ला होता, मान्य. पण मी बोर्डाला अर्थ वेगळी ठेवणारा आयसोलेटेड कन्व्हर्टर लावला आणि कुंई गेली.

आता अण्णांचा रेडिओ खरखरायला लागला. असले कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, त्याचा गोंगाट नेमका परभणी लागते त्या मीडियम वेव्हवर उमटतो. कॅसेट आत ढकलली की रेडिओ तोडणारा एक खटका टेपमध्ये असायचाच. त्याच्या जागी छोटं बटण टाकून कन्व्हर्टरचं पॉवरही त्यावरूनच घेतलं. एका बाजूला ब्लूटूथ, दुसऱ्या बाजूला परभणी. दोघं एका वेळी जागे राहत नाहीत.

औशाच्या रस्त्याला मागं बसलेला भाचा म्हणाला, "अण्णा, आकाशवाणी ॲपवर पण लागते की! ब्लूटूथवरच लावू, खरखर नाही काही नाही."

लावली. अण्णांनी बटण दाबून रेडिओ घेतला, परत ब्लूटूथ केला, पुन्हा रेडिओ. रेडिओवर झालेलं वाक्य ॲपवर काही सेकंदांनी येत होतं.

"शिळ्या बातम्या आहेत रे तुझ्या," म्हणाले, आणि बटणावर बोट ठेवूनच बसले.