शहीद द्वीपावरचे दिवस आणि ओहोटीचे वेळापत्रक

अंदमानला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक सेल्युलर जेल पाहतात, हॅवलॉकला एक-दोन मुक्काम करतात आणि परतीच्या वाटेवर नील बेटाला अर्धा दिवस देतात. सकाळच्या बोटीने उतरायचे, गाडीतून तीन किनारे पाहायचे आणि दुपारच्या बोटीने निघायचे, असा तो ठरलेला क्रम असतो. आम्ही मित्रमंडळींनी हा क्रम जाणीवपूर्वक उलटा केला. पाठीवरच्या पिशव्यांत मावेल तेवढेच सामान घेतले, हॅवलॉक वगळले आणि हाताशी असलेले सगळे दिवस नीलला दिले. बेट इतके लहान आहे की सायकलवरून तासाभरात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचता येते. पण ते खऱ्या अर्थाने पाहायचे असेल, तर समुद्र मागे सरण्याची वाट पाहावी लागते आणि अर्ध्या दिवसाच्या भेटीत ती वाट पाहणे नशिबावर सोडावे लागते.

या बेटाचे अधिकृत नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप असे आहे. त्याच्या पंचाहत्तर वर्षे आधी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) तिरंगा फडकवला होता आणि आझाद हिंद सरकारच्या वतीने अंदमानला ‘शहीद’ व निकोबारला ‘स्वराज’ ही नावे दिली होती. नील हे जुने नाव १८५७ च्या उठावात अलाहाबाद व कानपूर येथे अमानुष सूड घेणाऱ्या जेम्स नील या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून पडले होते. ते पुसले गेले याचे मला मनापासून समाधान वाटते. बेटावरचे लोक मात्र बोलताना अजून नीलच म्हणतात, म्हणून मीही पुढे तेच नाव वापरणार आहे.

बोटीच्या आदल्या दिवशी आम्ही सेल्युलर जेलमध्ये गेलो. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाने ती भेट चुकवू नये. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू येथे बंदिवान होते. विनायकराव १९११ मध्ये आले आणि १९२१ पर्यंत येथेच राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या कोठडीसमोर आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. गच्चीवरून समुद्र दिसतो, तोच समुद्र ज्याला कैदी काळे पाणी म्हणत. दुसऱ्या दिवशी आपण त्यावरून हौसेने सहलीला निघणार आहोत, ही जाणीव त्या गच्चीवर तीव्रपणे झाली आणि ती विसरू नये असेच मला वाटते.

नीलला जाण्यासाठी आम्ही फिनिक्स बे जेट्टीवरून सुटणारी सरकारी बोट निवडली. खासगी बोटी वेगवान आणि वातानुकूलित असतात, पण त्यांपैकी बहुतेकांत काचेमागे बसून राहावे लागते. सरकारी बोट सुमारे दोन तास घेते, मात्र डेकवर उभे राहता येते आणि बेटावरच्या माणसांशी तेथेच ओळख होते. आमच्या शेजारी पोर्ट ब्लेअरच्या रुग्णालयातून परतणारे एक आजोबा होते, परीक्षेचे अर्ज भरून निघालेली मुले होती आणि पाण्याच्या पंपाचा सुटा भाग मांडीवर घेऊन बसलेला एक शेतकरी होता. बेटावर सध्या ओहोटी किती वाजता लागते, हे आम्हांला पहिल्यांदा सांगितले ते याच शेतकऱ्याने.

आमच्यातला एक मित्र गुहागरचा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशोब त्याला लहानपणापासून पाठ आहे: अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. तो हिशोब नीलला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण बंगालच्या उपसागरातील भरतीची लाट वेगळ्या वेळी येते आणि अंदमानात पाणी कोकणापेक्षा बरेच अगोदर चढते. परंतु रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते हे सूत्र तेथेही तितकेच खरे असते, कारण चंद्र दोन्ही समुद्रांवर एकच आहे. पहिल्या दिवशीची वेळ शेतकऱ्याकडून मिळाली आणि पुढच्या दिवसांचे गणित मित्राने मांडले. आम्ही पौर्णिमेच्या अलीकडे काही दिवस पोहोचलो होतो, त्यामुळे ओहोटी दररोज थोडी उशिरा आणि थोडी अधिक खोल होत जाणार होती. जेवण, झोप आणि सायकलवरची भटकंती हे सगळे आम्ही या वेळेभोवती बसवले.

येथे आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरपेक्षा जास्त चढते, अंदमानात मात्र मोठ्या भरतीची आणि ओहोटीची पातळी यांत जेमतेम दोन मीटरचे अंतर असते. तरीही नीलला समुद्र जितका दूर गेलेला दिसतो, तितका तो कोकणातल्या उतरत्या पुळणीवर क्वचितच दिसतो. याचे कारण प्रवाळाचा सपाट ओटा. बेटाभोवती प्रवाळांनी शतकानुशतके चुनखडीचा जो पृष्ठभाग रचला आहे, तो ओहोटीच्या पातळीच्या जवळपास सपाट असतो. त्यामुळे पाणी थोडेसे उतरले तरी मोठा प्रदेश उघडा पडतो आणि मधल्या खळग्यांत पाणी साचून राहते.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर हा ओटा सर्वांत चांगला पाहता येतो. लाटांनी चुनखडीचा कडा पोखरून तयार झालेली तेथील दगडी कमान प्रसिद्ध आहे. बंगाली वस्तीमुळे तिला हावडा ब्रिज असे नाव पडले असून बहुतेक पर्यटक तिच्याखाली छायाचित्र काढून परत फिरतात. आम्ही गावातल्या एका वाटाड्याला बरोबर घेतले आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत तेथेच थांबलो. जिवंत प्रवाळावर पाय पडू नये म्हणून वाळूच्या पट्ट्यांवरून आणि मेलेल्या खडकावरूनच चालायचे, दगड उलटायचा नाही आणि काहीही उचलायचे नाही, हे त्याचे नियम होते. ते त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितले आणि अखेरपर्यंत काटेकोरपणे पाळून घेतले.

पहिल्या खळग्यात काळ्या समुद्रकाकड्या पडलेल्या होत्या. त्या वाळू गिळतात, तिच्यातले सेंद्रिय अन्न शोषून घेतात आणि स्वच्छ वाळू मागे टाकतात, म्हणजे किनाऱ्याची झाडलोट त्यांच्याकडे असते. पुढे एका खडकाच्या भेगेतून ठिसूळ तारामाशाचे बारीक, काटेरी पाय बाहेर आलेले दिसले. आमची सावली पडताच ते आत ओढले गेले. लांब काट्यांचे समुद्री साळिंदर, पाठीवर दुसऱ्याचा शंख वागवणारे खेकडे, खडकाचा रंग घेऊन बसलेला आणि वाटाड्याने बोट दाखवेपर्यंत आमच्यापैकी एकालाही न दिसलेला अष्टपाद, असे एकेक प्राणी त्या तासाभरात समोर येत गेले. या सगळ्यांत मला सर्वाधिक गुंतवून ठेवले ते महाशिंपल्याने. त्याचे कवच खडकात रुतलेले असते आणि फटीतून निळ्या-हिरव्या मखमली कडा बाहेर डोकावतात. त्या कडांत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला देते, म्हणून शिंपला उन्हाकडे तोंड उघडून बसतो. आमच्यातल्या शिक्षिका मैत्रिणीने पाण्यावर हात धरला, तेव्हा केवळ सावलीच्या जाणिवेने त्या कडा मिटल्या. तिने हात मागे घेतला आणि त्या पुन्हा उघडेपर्यंत आम्ही तेथून हललो नाही.

प्रवाळाचे जगणेही याच भागीदारीवर चालते. त्याच्या पेशींत राहणारे शैवाल त्याला अन्न आणि रंग दोन्ही देते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशानेच वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत असे पांढरे पडण्याचे मोठे आघात झाले. ओट्यावर राखाडी, शेवाळ चढलेला जो खडक पायाखाली लागतो, त्यातला पुष्कळ भाग कधीकाळी जिवंत होता, हे कळल्यावर चालण्याची गती आपोआप मंदावते. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ, समुद्रकाकडी आणि महाशिंपला यांना कडक संरक्षण दिले आहे. मेलेला तुकडा नेण्यासही बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. मला ही बंदी पूर्णपणे योग्य वाटते, कारण मेलेला प्रवाळही नव्या प्रवाळाला बस्तान बसवायला जागा देतो आणि किनाऱ्यावरची पांढरी वाळू त्याचीच झालेली असते.

भरतपूरच्या किनाऱ्यावर आम्ही नळी आणि मुखवटा लावून पाण्याखालचा प्रवाळही पाहिला. पोपटमासे चोचीने प्रवाळ खरवडतात तो आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. गुहागरच्या मित्राला पाण्याच्या पारदर्शकतेचे फार आश्चर्य वाटले. कोकणातल्या नद्या आणि खाड्या पावसाळ्यात प्रचंड गाळ समुद्रात आणतात. नीलवर एकही मोठी नदी नाही, म्हणून सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो आणि प्रवाळ वाढतो. तरीही आपला किनारा या बाबतीत अगदी रिता नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणला प्रवाळ आहे, १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले, आणि विजयदुर्गापासून दूर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचा मोठा प्रवाळप्रदेश आहे. नीलला जे शिकलो ते मालवणला जाऊन पुन्हा पाहायचे, असे आम्ही तेथेच ठरवले.

ओहोटी नसे त्या वेळी बेट स्वतः समोर असे. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर आणि नील केंद्र अशी पाच गावे येथे आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने येथे वसवले. त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली, आणि आज पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या भाजीचा मोठा भाग नीलवर पिकतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, वांगी, कारली, पडवळ, केळी आणि सुपारी, आणि शेताच्या कडेला केवड्याची जाळी ओलांडली की लगेच समुद्र, असे दृश्य मी दुसरीकडे कोठे पाहिलेले नाही. नील केंद्राच्या बाजारातल्या एका खाणावळीत आम्ही रोज जेवत असू. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे माशी, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. भात, मसुराची डाळ, मोहरी वाटून केलेले माशाचे कालवण आणि त्याच दिवशी शेतातून आलेली एक भाजी, एवढाच बेत असे. कोणता मासा मिळेल हे सकाळच्या होड्यांवर अवलंबून असे. आमच्यातल्या शाकाहारी मित्राची तर येथे चैनच झाली.

सूर्याची वेळही अंगवळणी पडायला थोडा अवधी लागतो. नील आणि पुणे यांच्यात सुमारे १९ रेखांशांचे अंतर आहे, पण घड्याळ एकच, त्यामुळे येथे सूर्य पुण्यापेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी माथ्यावर येतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास तो मावळलेला असतो आणि आठ वाजता बाजारात सामसूम होते. रात्री लवकर झोपणे आणि पहाटे पाच वाजता सायकली काढून सीतापूरच्या कड्यापाशी सूर्योदयाला पोहोचणे, हे शहरात अशक्य वाटणारे वेळापत्रक आम्ही सहज पाळले.

पौर्णिमेला ओहोटी दुपार उतरता उतरता लागली. तोपर्यंतच्या दिवसांत आम्ही पाहिलेली वाळूची सीमा त्या दिवशी कितीतरी पुढे गेली होती, आणि आदल्या दिवशी गुडघाभर पाण्यात असलेले प्रवाळाचे डोके वर उघडे पडले होते. लक्ष्मणपूरच्या पहिल्या किनाऱ्यावरच्या लांबच लांब वाळूच्या टोकाशी आम्ही सूर्य बुडेपर्यंत बसलो. मागे पूर्वेला त्याच सुमारास चंद्र उगवला आणि त्याच्या मागोमाग पाणी परत येऊ लागले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पंचांग पाहून, पौर्णिमा किंवा अमावास्या मुक्कामात येईल अशा तारखा निवडाव्यात. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे उतरत नाही आणि ओटा नीट दिसत नाही. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, कारण मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि समुद्र खवळतो. ओट्यावर चालण्यासाठी घट्ट तळव्याची, भिजली तरी चालणारी चप्पल किंवा बूट आवश्यक आहेत. वाटाड्या गावातलाच घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि पाणी परत फिरू लागले की त्याने सांगण्याआधी पाय उचलावेत. पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी. सरकारी बोटीचे तिकीट शक्य तितके लवकर काढावे आणि हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात, हे लक्षात घेऊन परतीच्या विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरसाठी राखून ठेवावा. सेल्युलर जेल पाहायचे राहिले असेल, तर ते त्या दिवशी निवांतपणे पाहता येईल.